चोवीस फुटांचा बोरघाट

(मॉडेल बनवणाऱ्यांच्या आमच्या छोट्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ थोडे कमी केलेत, सगळे नाहीत. ऑडिओ ऐकणाऱ्यांनी पहिली दोन मिनिटं पुढे ढकलली तरी चालेल, माईक चालू नव्हता.)

मागे आवाज येतोय का? ठीक.

मी दिवसा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. बीटेक कॉम्प्युटर, म्हणजे हाताने काहीही बनवायचं शिक्षण मला मिळालेलं नाही. शनिवार-रविवार मी आणि माझे चार मित्र चिंचवडला एका बंद वर्कशॉपच्या माळ्यावर डोंगर बनवतो. आज इंजिनं, डीसीसी, वायरिंग यातलं काही बोलणार नाही. त्यावर बोलणारे इथे माझ्यापेक्षा हुशार लोक बसलेत. मी फक्त रुळाच्या बाहेरचं बोलणार. माती, दगड, गवत, पाणी. ज्याला आपण ‘सीनरी’ म्हणतो आणि बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात उरकतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करा. तुम्ही सगळे लहानपणी सीनरी मॉडेलर होतात. दिवाळीचा किल्ला! विटा रचायच्या, त्यावर पोतं टाकायचं, पोत्यावर चिखल लिंपायचा, वर आळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि चार दिवस पाणी मारायचं. नंतर मी यूट्यूबवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघितले. जाळी, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं कापड, त्यावर रंग, त्यावर गवत. अरे, हा तर आपला किल्लाच आहे! फक्त त्यांच्याकडे पोत्याच्या जागी प्लास्टर क्लॉथ आणि त्याची किंमत पोत्याच्या चाळीस पट.

किल्ल्यात आपण एकच पाप करायचो, स्केलचं. बुरुजापेक्षा मावळा मोठा. तेच पाप मोठेपणी लेआउटवर होतं आणि तिथे ते खपत नाही.

आमचा लेआउट एचओ स्केलचा, १:८७. चोवीस फूट लांब, चार फूट रुंद, चार बाय चारच्या सहा पेट्या, बोल्टने जोडलेल्या. ऐकायला मोठा वाटतो. मला पण वाटला होता. मग गुणाकार केला. चोवीस फूट म्हणजे खऱ्या घाटातले सहाशे छत्तीस मीटर. कर्जत ते लोणावळा अठ्ठावीस किलोमीटर आहे. ते पूर्ण बनवायचं तर तीनशे वीस मीटर लांब हॉल लागेल आणि उंचीला दुमजली छताच्या वर जावं लागेल. हॅम्बुर्गला मिनिएचर वंडरलँड आहे, २००१ पासून चालू आहे, तिथे पंधरा किलोमीटरच्या वर रूळ घातलाय. ते करू शकतात. आमच्याकडे माळा आहे.

म्हणून आम्ही ठरवलं की घाटातला एक तुकडा घ्यायचा. दोन बोगदे, मधली दरी, एका बाजूला उभा कडा. काळ साधारण १९९० नंतरचा, तारेत दीड हजार व्होल्ट डीसी असतानाचा. चढ खरा ठेवायचा. बोरघाटाचा चढ ३७ला १. चोवीस फुटांत तो होतो जवळपास आठ इंच. लोक म्हणाले, मॉडेलला हा चढ जास्त आहे, गाडी घसरेल. घसरते! मग मागून दुसरं इंजिन लावतो. कर्जतला बँकर का लावतात हे मला खऱ्या अर्थाने तेव्हा कळलं. तोपर्यंत कर्जत म्हणजे माझ्यासाठी वडा खायला मिळणारी वेळ होती.

आता मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिला मूर्खपणा सॉफ्टवेअरमधूनच केला. सॅटेलाइटचा उंचीचा डेटा फुकट मिळतो, तीस मीटरच्या ग्रिडचा. पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली, घाटाचा तुकडा कापला, कंटूर काढले, ए-थ्रीवर छापायचे, थर्माकोलवर चिकटवायचे आणि कापायचे. दोन रात्री जागलो. आउटपुट बघितलं तर एक गुळगुळीत उशी. का? तीस मीटर भागिले सत्त्याऐंशी, म्हणजे साडेतेरा इंच. माझ्या डेटाचा एकेक चौकोन साडेतेरा इंचांचा होता. सगळ्या लेआउटमध्ये मिळून असे पंच्याहत्तर चौकोनसुद्धा बसत नव्हते. उपग्रहाला बोरघाटाबद्दल तेवढंच माहीत होतं. (हशा) हसा, पण स्क्रिप्ट गिटहबवर आहे, तिला स्टार पण आहेत.

मग आम्ही घाटात गेलो. रुळावर नाही हं, ते बेकायदेशीर आहे आणि जीवघेणं आहे, कोणी जाऊ नका. गाडीच्या दारातूनही लटकू नका. खिडकीतून व्हिडिओ काढले, आणि राजमाची पॉइंटवरून कडे बघत बसलो. आणि तिथे दगडाबद्दल जे दिसलं ते कुठल्याही किटच्या पाकिटावर नव्हतं.

बाहेरून जे रबरी साचे येतात, रॉक मोल्ड, ते त्यांच्या डोंगरांचे असतात. तिरके, सुळक्यांचे, फुटलेले. सह्याद्री तसा नाही. हा लाव्हा आहे, थरावर थर ओतलेला. कडा, मग एक पट्टी सपाट, मग परत कडा. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. म्हणजे आपला डोंगर हा जिना आहे. आणि दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी वीटकरी रंगाची एक पातळ रेघ दिसते, जुन्या लाव्ह्याच्या वरचा थर कुजून माती झाली आणि तिच्यावर पुढचा लाव्हा आला, ती ही रेघ. ही रेघ घातलीत तर बघणारा मराठी माणूस डोंगर ओळखतो. का ओळखला हे त्याला सांगता येत नाही, पण ओळखतो.

करायचं कसं? थर्माकोल सोडून द्या. त्याचे मणी उडतात आणि कापलेली कड कापसासारखी दिसते. गच्चीच्या इन्सुलेशनला वापरतात तो एक्सपीएस बोर्ड घ्या, पन्नास मिलिमीटरचा. आडवे थर रचायचे, प्रत्येक थर थोडा आत-बाहेर. मग कडेचा तुकडा चाकूने कापायचा नाही, मोडायचा. हाताने. मोडलेली कड दगडासारखी येते, कापलेली केकसारखी. वरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात, ओलं असताना तारेच्या ब्रशने उभे ओरखडे. रंग काळा देऊ नका! बेसाल्टला आपण काळा पाषाण म्हणतो, पण उन्हात तो राखाडी-तपकिरी असतो. आधी मध्यम राखाडी, मग पाण्यासारखा पातळ काळपट रंग वरून सोडायचा म्हणजे तो भेगांत बसतो, आणि सगळ्यात शेवटी जवळपास कोरड्या ब्रशने फिकट राखाडी कडांवर घासायचा. या शेवटच्या पाच मिनिटांत डोंगर उभा राहतो. आमच्यातला एक तर अक्षरशः ओरडला होता.

आता खडी. हा माझा आवडता विषय, कारण इथे मी सहा हजारांचं इंजिन मारलं.

खऱ्या रुळाखालची खडी वीस ते पासष्ट मिलिमीटरची असते. सत्त्याऐंशीने भागलं की पाव ते पाऊण मिलिमीटर. म्हणजे रव्याच्या आसपास. बाहेरून येणारी पाकिटातली खडी बहुतेक वेळा फिकट, नाहीतर गुलाबीसर असते, आणि आपल्याकडे खडी बेसाल्टचीच, काळपट. मग म्हटलं क्रशरवरून कच आणू. एक गोणी आणली, पाण्याने चार वेळा धुतली, वाळवली, रव्याच्या चाळणीतून खाली पडली ती घेतली, मैद्याच्या चाळणीतून खाली पडली ती टाकली. आईच्या चाळण्या होत्या. तो वेगळा विषय आहे.

ओतली, ब्रशने रुळामधून सारखी केली. मग स्प्रेने पाणी, त्यात दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड. हे थेंब विसरलात तर फेविकॉलचं पाणी खडीवर पाऱ्यासारखं गोळे होऊन बसतं. मग एकास तीन पातळ केलेलं फेविकॉल ड्रॉपरने. रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी दगडासारखं घट्ट. फार सुंदर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी इंजिन करकरलं आणि बंद पडलं. उघडलं तर मोटारच्या चुंबकाला काळी मिशी आली होती.

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. लोखंडाचं खनिज, चुंबकाला चिकटतं. सुटलेले बारीक कण मोटारने खालून ओढून घेतले. दहावीला शिकलो होतो, मार्क पण मिळाले होते. तेव्हापासून नियम, की कुठलीही नैसर्गिक माती किंवा कच लेआउटवर जाण्याआधी तिच्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चुंबक फिरवायचं, काही चिकटायचं थांबेपर्यंत. फुटलेल्या स्पीकरचं चुंबक चालतं. पेट्यांमधली सगळी खडी आम्ही खरवडून परत घातली. दोन महिने गेले.

दुसरा अपघात चहाचा. वापरलेली चहा पावडर वाळवून माती म्हणून टाकायची युक्ती सगळे सांगतात, रंग खरंच छान येतो. जुलैत आमच्या डोंगरावर बर्फ पडला. बुरशी, पांढरीशुभ्र! पुण्याच्या पावसाळ्यात बंद माळ्यावर ओला चहा आणि गोंद, दुसरं काय होणार. आता आम्ही खरी मातीच वापरतो, चाळून, चुंबक फिरवून आणि कढईत खरपूस भाजून. झाडांचे सांगाडे वाळलेल्या तुळशीचे, तेही आधी फेविकॉलच्या पाण्यात बुडवून. पाला म्हणजे सोफ्याचा फोम, पाणी आणि ॲक्रेलिक रंग घालून मिक्सरमधून काढलेला. मिक्सर जुन्या बाजारातून वेगळा घ्या. कृपा करा, वेगळा घ्या.

झाडांबद्दल एकच. वीस मीटरचं झाड १:८७ला तेवीस सेंटिमीटर होतं, नऊ इंच! विकत मिळणारी झाडं बोटाएवढी असतात, त्यामुळे सगळा डोंगर बागेसारखा दिसतो. पुढे दोन-चार तरी खऱ्या उंचीची लावा, आणि मागे कड्यावर मुद्दाम बारकी. नजर फसते, चार फुटांची खोली दहा फुटांची वाटते.

गवताला मात्र आपल्याकडे जगातलं उत्तम यंत्र आहे: मच्छर मारायची बॅट. उभं गवत लावायचं मशीन बाहेरून मागवलं तर महाग पडतं. आत काय असतं? एक जाळी आणि दुसरी एक वायर, मध्ये काही हजार व्होल्ट. बॅटमध्ये तेच आहे. एक वायर स्टीलच्या चहाच्या गाळणीला, दुसरी एका खिळ्याला, खिळा ओल्या गोंदात टोचायचा. गाळणीत नायलॉनचे दोन-चार मिलिमीटरचे तंतू घालून हलवायची. तंतूंवर चार्ज येतो, ते विद्युत क्षेत्राच्या रेषेत उभे राहतात आणि तसेच गोंदात जाऊन रुततात. गोंद ओला असेपर्यंतच हे होतं. काम झाल्यावर दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून कपॅसिटर रिकामा करा. मी एकदा केला नाही. इतकंच सांगतो.

तर, एवढं सगळं करून दीड वर्षाने आमचा पहिला तुकडा तयार झाला. भर पावसाळा! हिरवागार, सात धबधबे. सिलिकॉन सीलंट काचेवर दोरीसारखं ओढायचं, वाळलं की सोलून कड्याला लावायचं, पांढऱ्याचा हलका हात. फोटो टाकले, भरपूर लाइक आले. आणि मी आजोबांना बघायला घेऊन आलो.

आजोबा रेल्वेत होते. घाटातच. गँगमन म्हणून लागले, मुकादम म्हणून रिटायर झाले. आता वय ऐंशीच्या पुढे, कर्जतजवळ गावी असतात. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, डावा जवळपास गेलाय, उजव्याला मधलं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येणार नाही. त्यामुळे घाई माझी होती. त्यांची नव्हती.

ते माळ्यावर चढले, खुर्चीत बसायला नको म्हणाले, नाक कड्याला लागेल इतके जवळ गेले आणि एका टोकापासून सुरू झाले. इंचाइंचाने. चोवीस फुटांना चाळीस मिनिटं लागली. कोणी बोलत नव्हतं. शेवटी म्हणाले, “चांगलं केलंय. पर ह्ये पाणी जानार कुठं?”

मला कळलं नाही. ते म्हणाले, “सात ठिकानी वरून पाणी सोडलंयस. खाली रूळ हाय. मोरी एक पन न्हाई. पहिल्या पावसात तुझी लाइन जाईल.”

मंडळी, मी हे काम करतो! लोकांच्या कोडमध्ये ‘हा डेटा पुढे कुठे जातो’ हे विचारायचे मला पैसे मिळतात. सात धबधबे काढले आणि एकालाही विचारलं नाही, की बाबा तू पुढे कुठे जातोस. दीड वर्ष मी घाट बघत होतो तो प्रवाशाच्या खिडकीतून. ज्याने तिथे चौतीस पावसाळे काढले त्याला डोंगर म्हणजे पाणी आणि सुटे दगड, बाकी शोभा.

मग एकेक निघायला लागलं. कटिंगच्या डोक्यावर आडवी नाली पाहिजे, वरचं पाणी कड्यावरून खाली येण्याआधीच बाजूला काढायला. रुळाच्या दोन्ही बाजूंना गटार पाहिजे, आणि ते साफ पाहिजे, “मुकादम काय झोपला का?” खडी दोन्ही लाइनला एकाच रंगाची कशी? अप लाइन तांबूस पाहिजे. हे ऐका, भारी आहे. घाटात डाऊन गाडी चढते आणि अप गाडी उतरते, कारण मुंबईकडे येणारी ती अप. उतरणारी गाडी सगळा वेळ ब्रेकवर. ब्रेकचे ठोकळे तेव्हा बिडाचे असायचे, त्यांचा चुरा खडीवर पडायचा आणि गंजायचा. म्हणून उतरणीची लाइन गंजाच्या रंगाची आणि चढणीची काळी. मी शंभर वेळा गेलोय त्या रस्त्याने. नाही दिसलं.

आणि पावसाळ्याबद्दल म्हणाले, “एवढ्या पावसात समोरचा खांब दिसत न्हाई, तुला सात धबधबे कुठनं दिसले?”

आम्ही ऋतू बदलला. आता सप्टेंबरअखेर आहे. गवताची टोकं पिवळी, कारवी, दोनच धबधबे, तेही बारीक. प्रत्येकाखाली मोरी. त्यासाठी तयार डोंगराला करवत लावावी लागली, आमच्यातले दोघे आठवडाभर माझ्याशी नीट बोलत नव्हते. अप लाइनवर तांबूस पावडर, मऊ ब्रशने, बोगद्याच्या तोंडाशी जास्त. आणि कड्यावर दोरीला लटकलेली तीन माणसं, हातात पहारी. ही हिल गँग. पावसाळ्याआधी सुटे झालेले दगड हे लोक आधीच पाडून टाकतात, म्हणजे ते नंतर गाडीवर पडत नाहीत. आता तुम्ही म्हणाल की हे काम मे महिन्यातलं आणि तुमचा सीन सप्टेंबरचा. बरोबर आहे. चूक आहे ती. पण आजोबा त्या गँगमध्ये चार वर्षं होते, म्हणून ठेवली.

एक जागा राहिली होती. दुसऱ्या बोगद्याच्या अलीकडे, पाचव्या पेटीवर. तिथे आल्यावर पहिल्या दिवशी आजोबांचं बोट थांबलं होतं, आणि ते काही बोलले नव्हते. मी नंतर बाबांना विचारलं. पावसाळ्यात रात्री घाटात पेट्रोलिंग असतं, एकेक माणूस हातात दिवा आणि फटाके, म्हणजे डिटोनेटर, घेऊन आपापल्या हद्दीत चालतो. रूळ बघत. समोरून दुसऱ्या हद्दीतला येतो, दोघं भेटतात, परत फिरतात. एका रात्री आजोबा भेटीच्या जागेवर पोचले आणि समोरचा माणूस आला नाही. ते वाट बघत थांबले, मग पुढे चालत गेले. दरड त्यांना आधी दिसली. त्यांनी फटाके लावून गाडी थांबवली. त्यांच्या नावाचं सर्टिफिकेट घरी आहे, भिंतीवर नाही, ट्रंकेत.

मी काय करावं? मी इंजिनिअर, मला वाटलं अचूकता म्हणजे आदर. मी ती दरड बनवली. एक्सपीएसचा दगड, दोन इंचांचा, खाली चिखल, मोडलेली झाडं. चिकटवली नाही, नुसती ठेवली आणि त्यांना परत बोलावलं. हे या जानेवारीतलं. डोळा आणखी गेला होता, त्यामुळे या वेळी ते बघण्यापेक्षा बोटांनी चाचपत होते. तारांवरून, गवतावरून. बोट दगडाला लागलं. ते कशाचं आहे ते त्यांना लगेच कळलं.

“ह्ये नको,” म्हणाले. त्यांनी स्वतःच उचलून माझ्या हातात दिलं. “गाड्या चालू दे.”

थोड्या वेळाने म्हणाले, “झोपडी लाव.” पेट्रोलवाल्यांना मधे थांबायला पत्र्याचा निवारा असायचा, बसायला फळी, एक कंदील.

ती मी महिनाभरात केली. तीन सेंटिमीटर उंच. पत्रा म्हणजे ॲल्युमिनियम फॉइल, दात्यांच्या स्क्रूवर घासून पन्हळी काढलेली. आत एक बारका पिवळा एलईडी, तांदळाच्या दाण्याहून लहान. दार अर्थातच पुढच्या बाजूला, दरीकडे, बघणाऱ्याकडे, म्हणजे दिवा दिसेल. गेल्या रविवारी ती चिकटवत होतो आणि आजोबा व्हिडिओ कॉलवर होते. त्यांना स्क्रीनवर काही दिसत नाही, मीच सांगत होतो की इथे भिंत, इथे दार.

“दार कुनीकडं?”

“दरीकडे.”

“आरं, पाऊस दरीतनं येतो. दार डोंगराकडं.”

मी म्हटलं, आजोबा, मग दिवा कोणालाच दिसणार नाही. ते म्हणाले, “दिवा आतल्या मानसाला पायजे.”

फेविकॉल अजून ओला होता. फिरवली.

तर प्रदर्शनात पाचव्या पेटीपाशी आलात तर झोपडीचा मागचा पत्राच दिसेल. लाइट बंद केले की तिच्या मागे कड्यावर, वीटकरी रेघेच्या जरा खाली, एक पिवळा डाग पडतो, साधारण नखाएवढा. प्रश्न असतील तर विचारा. बॅटबद्दलचे आधी घेऊ, कारण ती मी बरोबर आणलीये आणि कपॅसिटर रिकामा केलाय की नाही ते मला आठवत नाही.